लीनाबायच्या सत्काराचं भाषांतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी शाळा म्हणायची, पण हे मात्र सात वर्षं गिळून बसले आहे. आज तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका – मलाच धड कळलेलं नाही.

मी मुरबाडची. इंग्रजीची बाई. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून म्हसा रस्त्यावरच्या एका गावात मुलींचं छोटं वसतिगृह होतं, तिथे शिकवायला जाऊ लागले. बाहेरगावच्या शिक्षिकांसाठी तिथे दोन खोल्या होत्या. एकीत मी. दुसरीत एका थंडीत लेना आली. स्वीडनची. उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले, आणि उजवा गुडघा असा की उठता-बसता आवाज करायचा. व्यवसाय विचारला तर म्हणाली, टेनिस खेळायचे, आता नाही. गावाने तिला दोन दिवसांत लीनाबाय करून टाकलं.

त्या दोन हिवाळ्यांचं मला आता सगळं धुक्यातूनच आठवतं. सकाळी ओट्यावर चहा, समोरचं शेत दिसायचं नाही, नुसता पांढरा पडदा – आणि त्याच्या आतून तिचा आवाज. ती सांगायची आणि मी ऐकत राहायचे. तिच्या गावी उन्हाळ्यात सूर्य मावळायचाच विसरतो, तेव्हा ती आणि तिची बहीण रात्रीच्या जेवणानंतरही भिंतीवर चेंडू मारत राहायच्या. मग सोळाव्या वर्षी खेळायला बाहेर पडली ती पंधरा वर्षं बाहेरच. आज इटली, परवा पोर्तुगाल, गाडीत झोपायचं, फलाटावर पाव खायचा, हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुवायचे आणि सकाळी ओलेच घालून कोर्टवर उतरायचं. ती जगात पहिली वगैरे कधीच नव्हती. पहिल्या शंभरातही आली नाही. मोठ्या स्पर्धेत एकदाच शिरली, पहिल्याच फेरीत हरली, पण तेवढ्यावर पुढची काही वर्षं निघाली, शिकवण्याची कामं मिळाली. हे ती अगदी सहज सांगायची. आणि मी? मुरबाडच्या बाहेर फारशी न गेलेली मी, तिच्याबरोबर त्या सगळ्या गावांतून हिंडून यायचे. इतकं सुख मला क्वचितच मिळालं आहे.

माझ्या फळीवर, घड्याळाखाली, तिने एक निळं पाकीट ठेवलं होतं. तिच्या खोलीत वाळवी होती म्हणून. वर नाव, एल्सा अमुक, आणि पत्ता. तिकीट लावलेलं नव्हतं. टाकू का पोस्टात, असं मी दोनदा विचारलं. अजून नाही, म्हणाली.

आता कोर्टाबद्दल सांगायला हवं, कारण पाय तिथेच घसरला. आमच्याकडे भात झोडायला खळं करतात, तुम्ही पाहिलं असेल. जमीन खणायची, पाणी मारायचं, चोपून चोपून दगडासारखी करायची, शेणाने सारवायची. लीनाबायने सोनीबायचं खळं पाहिलं आणि ती वेडीच झाली. म्हणाली, मी आयुष्यभर अशाच जमिनीवर खेळले! वसतिगृहातल्या मुलींसाठी तिला असंच एक हवं होतं, फक्त दहापट मोठं. सोनीबाय पाड्यावरची, खळं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिने पावलं टाकून माप बघितलं आणि मला म्हणाली, "एवडं खळं? बाई, हिचं भात तरी किती हाय?"

जागा ग्रामपंचायतीची. सरपंच म्हणाले, खेळ ठीक आहे, पण ही बाई आहे कोण? मी पटकन बोलून गेले – जगात पहिली आलेली आहे. का बोलले? काम व्हावं म्हणून, असं म्हणता येईल. पण खरं सांगू? असल्या मोठ्या बाईची मैत्रीण म्हणून मिरवायला मला आवडलं. बस.

जागा मिळाली. पाड्यावरच्या बायका महिनाभर राबल्या. वर लाल मातीची भुकटी पसरली, चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या. लीनाबायचा एकच हट्ट – चेंडू पडला की मातीत खूण उमटली पाहिजे. संध्याकाळी सोनीबाय केरसुणीने त्या खुणा झाडायची, आणि लीनाबाय काठावर उभी राहून बघायची. मला वाटायचं, घरची आठवण येत असेल.

मग सत्कार ठरला. लीनाबाय परत जायच्या चार दिवस आधी, दुपारी, त्याच कोर्टवर. शाल, श्रीफळ, खुर्च्या, माइक. मागे फ्लेक्स – "विश्वविजेत्या लीनाताईंचे हार्दिक अभिनंदन". मजकूर कोणी लिहून दिला असेल? मीच. लीनाबायला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय विचारलं तिने. तुझं नाव, म्हटलं मी.

ती बोलायला उभी राहिली. ती इंग्रजीत एक वाक्य बोलणार, मी मराठीत सांगणार, असं ठरलेलं. सुरुवात नेहमीसारखीच झाली, आभार वगैरे. मग तिने खाली मातीकडे बघितलं. आणि म्हणाली – ही जमीन बघून मला रोज एक गोष्ट आठवते, ती मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. तुमच्याइतकी माया मला कुणी लावली नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी मराठी केलं. माझं मलाच छान वाटलं.

ती म्हणाली, एल्सा नावाची मुलगी होती, माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा चांगली खेळणारी. एकदा आमची दोघींची मॅच होती, ती जिंकणाऱ्या मुलीला मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती. शेवटी शेवटी एल्साचा चेंडू रेषेवर पडला. मी बघितला. मी बोट वर केलं, बाहेर म्हणून.

माझं भाषांतर इथे अडखळलं. "एक चेंडू आला, रेषेवर," एवढंच म्हणाले.

ती पुढे गेली – एल्सा म्हणाली, खूण बघा. पंच उंच खुर्चीवरून उतरायला लागले. ते येईपर्यंत मी पायाने खूण पुसून टाकली.

सगळे माझ्याकडे बघत होते. सरपंच, मुली, पाड्यावरच्या बायका, मागे तो फ्लेक्स. सत्काराच्या सभेत, शाल अंगावर असताना, माणूस असलं काही बोलतं का? मला तिचा राग आला, अगदी मस्तकात गेला. ही उद्या निघून जाईल आणि गाव मला विचारेल – बाई, ही तुमची विश्वविजेती? तोंड कुठे लपवू?

आणि मी माइकवर म्हणाले, "तो चेंडू कुणालाच जमला नसता. आपल्या लीनाताईंनी धावत जाऊन तो परतवला!"

टाळ्या.

ती म्हणाली, एल्सा ओरडली, रॅकेट फेकली, तिलाच शिक्षा झाली. पेपरवाल्यांनी तिला खोटारडी म्हटलं. तिने खेळ सोडला. माझं पुढचं सगळं त्या पुसलेल्या खुणेवर उभं आहे. मी म्हणाले, "समोरची खेळाडू हरली, आणि ताई मोठ्या स्पर्धेत पोचल्या." ती म्हणाली, बाईंच्या फळीवरचं पत्र तिला लिहिलेलं आहे, पाठवायचा धीर होत नाही. हे मी गाळलंच. शेवटी ती रडायलाच लागली. मला क्षमा मागायची आहे, म्हणाली. मी म्हणाले, "ताई तुमचे आशीर्वाद मागतात."

काय टाळ्या पडल्या! मुली शिट्ट्या मारायला लागल्या. म्हाताऱ्या उठून पुढे आल्या, तिच्या गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. लीनाबायला वाटलं, या बायकांनी सगळं ऐकलं आणि पदरात घेतलं. ती एकेकीच्या गळ्यात पडून रडत होती. ऊन कलतं होतं, लाल धूळ उडत होती. माझ्या आयुष्यात बघितलेलं ते सगळ्यात सुंदर दृश्य आहे. खोटं होतं, तरी आहे.

फक्त सोनीबाय बाजूला उभी होती. खुर्च्या उचलताना म्हणाली, "बाई, काय बोलली ती? जिकलेलं मानूस असं रडत नाय."

"आनंदानं रडली," मी म्हटलं.

"आसंल," ती म्हणाली आणि केरसुणी घेऊन गेली.

सकाळी लीनाबाय माझ्याकडे चहाला आली. चेहरा इतका मोकळा, मी तिला तशी कधी पाहिलीच नव्हती. तिने मला एकच विचारलं – त्या म्हाताऱ्या काय म्हणाल्या, शब्दन् शब्द सांग. हा मोका होता. खोलीत आम्ही दोघीच. ना माइक, ना सरपंच. काय बिघडलं असतं? फार तर मैत्री तुटली असती. आणि मी सांगितलं – त्या म्हणाल्या, तू बोललीस, तिथेच फिटलं. आता मनावर ओझं ठेवू नकोस.

कालची चूक मी घाबरून केली होती. ही मी बसून, विचार करून केली.

तिने फळीवरचं पाकीट काढलं. मग म्हणाली, इतक्या वर्षांनी तिच्या जखमेवरची खपली कशाला काढू? आता गरज नाही. आणि पाकीट चुलीत घातलं. लाकडं ओली होती, धुमसत होती, कागद नुसता कडेने तपकिरी झाला. ओढून काढता आलं असतं. तेवढा वेळ होता. मी फुंकणी उचलली आणि फुंकर घातली. जाळ झाला.

ती गेली. दर सणाला तिचा मेसेज यायचा, मुलींची चौकशी करायची, सोनीबायला नमस्कार सांगायची. मीही लिहायचे, धुक्याबद्दल, भाताबद्दल. सांगायचं दर वेळी ठरवायचे. मग वाटायचं, आता तिचं सुख कशाला मोडा? बघा, स्वतःला वाचवायचं असलं की दुसऱ्याच्या सुखाची काळजी किती चटकन सुचते.

या दिवाळीनंतर तिच्या बहिणीचा मेसेज आला. मी मुरबाडच्या एसटी स्टँडवर उभी होते. लेना गेली. शांतपणे गेली. शेवटच्या दिवसांत तुमच्या गावाबद्दल बोलायची, म्हणायची, मी तिथे सगळं सांगितलं आणि त्यांनी मला माफ केलं. बहिणीने विचारलं होतं – काय सांगितलं होतं तिने? आम्हाला कधी बोलली नाही.

मी उत्तर दिलं, तिच्या खेळाबद्दल.

नंतर घरी येऊन फोनवर एल्साचं नाव टाकलं. ती आहे. केस पांढरे झालेत, एका लहान गावात पोहायला शिकवते. पत्ता तोच आहे, पाकिटावरचा. त्या जुन्या मॅचबद्दल एक ओळही सापडली, भाषांतर करून घेतलं – पराभव पचवता न आल्याने पंचांशी हुज्जत, असं लिहिलं आहे. ते अजून तसंच आहे.

चेंडू रेषेवर पडला होता. एल्सा खरं बोलत होती. तिच्याशिवाय हे आता फक्त मला माहीत आहे, आणि लेनाने ते कबूल केलं होतं हे मी तिला कळवलेलं नाही.