मेव्हण्याने बसवलेला गिअरबॉक्स

पावस गावच्या कप्तानसाहेबांची जुनी जर्मन गाडी बावीस वर्षं माझ्या हाताखाली होती. कप्तानसाहेब जहाजावरून निवृत्त होऊन आंब्याच्या बागेत राहायला आले होते, आणि गाडीला माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. माझं गॅरेज मिरकरवाडा बंदराच्या रस्त्याला. पोटापाण्याचं काम ट्रॉलरच्या इंजिनांचं आणि टेम्पोंचं. पण ती करड्या रंगाची लांबलचक गाडी दारात उभी राहिली की शेजारच्या बर्फ कारखान्यातली माणसं बाहेर येऊन बघत. एवढी जुनी ऑटोमॅटिक गाडी आमच्याकडे दुसरी नव्हती. तिचा मिस्त्री मी, हे मला कुणाला सांगावं लागत नसे. लोकच सांगत.

खरं सांगायचं तर तिचा गिअरबॉक्स मी कधी उघडला नव्हता. तेल बदललं, गाळणी बदलली, एवढंच. तीन वर्षांपूर्वी, ऐन आंब्याच्या दिवसांत, तो गेला. गिअर टाकला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. तेल काढून पाहिलं तर काळंकुट्ट, जळका वास मारणारं.

"दुसरा बॉक्सच घालावा लागेल, कप्तानसाहेब," मी म्हणालो. तो कुठे मिळतो, हे मला माहीत नव्हतं.

माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, नुकताच मस्कतहून कायमचा परत आला होता. जाण्याआधी दोन वर्षं तो माझ्याच गॅरेजात पाना धरायला शिकला. पुढची अठरा वर्षं तिकडच्या मोठ्या गॅरेजात. जेवताना त्याने माझं ऐकलं, हात धुतले आणि मस्कतला फोन लावला. आठ दिवसांत भंगारातल्या गाडीचा तसलाच बॉक्स सापडला आणि महिन्याभरात लाकडी खोक्यात बसून घरपोच आला. बायकोने त्या दिवशी भावासाठी सरंगा मासा आणला. मी माझा तुकडा ताटातच ठेवला.

कप्तानसाहेब बॉक्स बघायला आले आणि मेव्हण्याकडे वळून म्हणाले, "किती दिवस लागतील, उस्ताद?"

बावीस वर्षं मी 'मिस्त्री'च होतो.

काम कप्तानसाहेबांच्या शेडमध्येच करायचं ठरलं. तिथे जांभा कापून केलेला खड्डा होता; गाडी वर, आपण खाली. जुना बॉक्स उतरवायला अख्खा दिवस गेला. मेव्हण्याचं काम बघून माझा जीव जळत होता. काढलेला प्रत्येक बोल्ट तो पुठ्ठ्यावर चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवी. हत्यार हातातून खाली पडत नसे. आणि पुन्हा दर कामाला मला विचारी, "भावजी, असं धरू ना?" त्याने एकदा तरी अरेरावी केली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवा बॉक्स चढवायचा होता. अशा बॉक्सच्या तोंडाशी कन्व्हर्टर म्हणून एक जड, गोल, तेलाने भरलेला डबा असतो. इंजिनाचा जोर बॉक्सला तो पोचवतो. तो आत पूर्ण बसलेला असावा लागतो. जरा बाहेर राहिला आणि तसाच बॉक्स इंजिनाला आवळला, तर आतला तेलाचा पंप फुटतो आणि आणलेला बॉक्स फुकट जातो. हे सगळं त्याने मला सकाळीच समजावून सांगितलं होतं.

तो जॅक मारत होता आणि मी तळहाताने कन्व्हर्टर दाबून धरला होता. अर्ध्यावर बॉक्सचं तोंड खाली झुकलं आणि कन्व्हर्टर माझ्या हातावर सरकला. बोटभरच. मला स्पष्ट कळलं.

मी बोललो नाही.

विसरलो नव्हतो, गोंधळलोही नव्हतो. फुटू दे एकदा, असं माझ्या मनात आलं. कप्तानसाहेब वर खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यासमोर फुटू दे.

बॉक्स इंजिनाला टेकला तरी मध्ये फट राहिली. मेव्हण्याने दोन बोल्ट लावले आणि पाना फिरवला. एक वेढा. दुसरा. मग त्याचा हात थांबला.

"जड लागतंय," तो म्हणाला. बोल्ट सैल करून त्याने फटीत बोट घातलं. "सरकलाय. भावजी, तुमच्या हाताला काही कळलं नाही?"

"नाही."

"मग चूक माझी. कन्व्हर्टरला आडवी पट्टी बांधून घ्यायला हवी होती." त्याने वर तोंड करून हाक मारली, "कप्तानसाहेब, पुन्हा उतरवतोय. मी चुकलो."

"सावकाश करा, उस्ताद," वरून आवाज आला.

बॉक्स खाली आला. पंप शाबूत होता. मेव्हणा बाजूला सरकून म्हणाला, "तुम्ही बसवा. फिरवत फिरवत आत ढकला, हाताला कळतं." मी फिरवला. टक करून एक खाच बसली, मग दुसरी, आणि तो जड डबा आपसूक आत गेला. इतकं बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची इतकी लाज वाटली, की मी पाणी पिऊन येतो म्हणून वर आलो आणि बागेत जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. मेव्हणा चालवायला, शेजारी कप्तानसाहेब, मी मागे. त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसलो होतो. पावसच्या चढावर गिअर बदलला तो कळलासुद्धा नाही. कप्तानसाहेब लहान मुलासारखे हसले.

काही दिवसांनी मेव्हणा म्हणाला, "भावजी, आपण दोघं मिळून गॅरेज वाढवू." मी जागेची अडचण सांगितली. त्याने कुवारबावला स्वतःचं थाटलं. कप्तानसाहेबांची गाडी तिकडे जाऊ लागली.

वर्षभराने, भाताची पेज पिता पिता, मी बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने हातातला वाडगा खाली ठेवला.

"त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता?"

त्याच आठवड्यात मी कुवारबावला गेलो. तो कुणाच्या तरी गाडीचे ब्रेक जुळवत होता. मी उभ्या उभ्याच बोललो. त्याने फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसायला त्याला फार वेळ लागला.

"त्या दिवशी सांगायला हवं होतं, भावजी," तो म्हणाला. "मी महिनाभर झोपलो नव्हतो. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही, आपला हात गेला की काय, असं वाटायचं."

चहा आला, तो आम्ही उभ्यानेच प्यायलो. गौरीगणपतीपर्यंत तो आमच्याकडे आला नाही. मग आला, बहिणीच्या हातचं जेवला, माझ्याशी हवापाण्याचं बोलला. आता ट्रॉलरची कामं तो माझ्याकडे पाठवतो. मीही ऑटोमॅटिक गाडी आली की त्याचा पत्ता देतो.

पण सांगायचंच तर पुरतं सांगतो. त्या दिवशी कबुली देऊन निघालो तेव्हा त्याच्या गॅरेजात नवी लिफ्ट उभी होती, बटण दाबलं की अख्खी गाडी डोक्यावर उचलणारी. माफीचं बोलून जेमतेम दहा पावलं गेलो असेन, आणि वळून मी तिच्याकडेच बघत राहिलो.