गुठळ्यांसकट

नांद्याहून मंदाच्या वडिलांचा, आप्पांचा फोन आला तेव्हा मी बावधनला घरी भाजी निवडत होते. ‘आपली मंदा गेली, पोरी…’ एवढंच बोलले. साध्या तापाचं निमित्त झालं आणि माझी मैत्रीण गेली. दीड महिना झाला त्याला. रडून झालंय माझं. आता मला तिचं कौतुक करायचंय, आणि ते मी पोटभर करणार आहे.

विद्यापीठात आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. विषय चांदीचे नॅनोकण, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. त्यांचे फोटो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढायचे. आता आमच्यातली एक रीत सांगते, कुणाला राग आला तर येवो. वाळवलेल्या थेंबात जिथे कण सुटे, गोल दिसतात, तिथलाच फोटो प्रबंधात लावायचा. मीही लावला. मंदालाही तसा देखणा फोटो मिळाला होता. पण बाईसाहेब थांबतील तर ना! तिने कडेचे, मधले, सगळीकडचे फोटो काढले, आणि बहुतेकांत निघाल्या गुठळ्या. सर भडकले. ‘देखणा फोटो लाव, नाहीतर गुठळ्या का झाल्या ते शोध. त्याशिवाय सही नाही!’ घरी चुलते लग्नासाठी मागे लागलेले. आणखी वर्ष लांबलं तर तिचं शिक्षणच सुटणार होतं.

‘मंदे, लाव तो फोटो आणि हो मोकळी!’ मी ओरडले. तिने ऐकलं नाही. मला घेऊन घरी गेली, आप्पांपुढे तो फोटो ठेवला आणि सगळं सांगितलं.

‘फोटूत काय, समदीच गोरी दिसत्यात. माल कसा झालाय?’

‘गुठळ्या हायेत, आप्पा.’

‘मंग तसंच लिव्ह. चुलत्यांचं मी बगतो.’

आप्पांनी शब्द पाळला. वर्ष गेलं, आलेलं स्थळही गेलं… पण मंदाने शोधून काढलं. कण पुन्हापुन्हा धुताना त्यांच्यावरचं आवरण निघून जात होतं, म्हणून ते एकमेकांना चिकटत होते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमका गुठळ्यांचाच फोटो उघडला.

‘हा का छापलात?’

‘जास्त ठिकाणी असंच होतं, सर.’

परीक्षक हसले. म्हणाले, ‘हा फोटो मी प्रत्येक प्रबंधात शोधतो. सापडत नाही.’ आणि आमचे सर, तेच भडकलेले सर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘माझी विद्यार्थिनी आहे!’ मागच्या बाकावर आप्पांनी टोपी सारखी केली. मला इतका अभिमान माझ्या स्वतःच्या पदवीचाही वाटला नव्हता.

पुढे मंदा पौडकडच्या कॉलेजात शिकवू लागली, मी विभागातच राहिले. गेल्या आठवड्यात एका नव्या मुलीने सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं. तिने मंदाला कधी पाहिलेलंही नाही.

‘मॅडम, मंदाचे फोटो काढून झाले. चारी कोपऱ्यांतले, जसे दिसले तसे. आता एक चांगला काढू?’

‘काढ,’ मी म्हटलं. ‘पण प्रबंधात मंदाचे आधी लाव.’