दाढेच्या बाई

कळमनुरीतल्या आमच्या दाढेच्या बाई पेशंटशी भांडायच्या. खुर्चीत बसता बसता कुणी म्हणालं, ‘उपटून टाका एकदाची,’ की संपलंच! ‘काहून? पाय दुखला तर पाय तोडून टाकता का?’ बाई जवळच्याच हट्टा गावच्या, शिकलेल्या दातांच्या डॉक्टर, पण आवाज रानातून हाक मारल्यासारखा.

माझ्या आईची वरची दाढ दुसरीकडे रूट कॅनाल करूनही ठणकत होती. आई ताटावरून उठून जायची. तिकडचे डॉक्टर सांगायचे मला, तिला नव्हे: ‘काम बराबर झालंय. वय झालं की असं मनाला वाटत राहतं.’ मनाला! अरे, आईला भाकरी चावता येईना आणि म्हणे मनाला! शेवटी आईने दुखतंय म्हणणंच सोडलं. दाढ काढायला मात्र ती तयार नव्हती. वरची दाढ काढली की डोळा जातो, हे तिच्या डोक्यात पक्कं.

बाईंनी आधी त्यावरूनच तिला झापलं. ‘डोळ्याचा न् दाढेचा काय बी संबंध न्हाई, मावशी!’ मग विचारलं, ‘कवा दुखतंय?’ आई सवयीने माझ्याकडे बघू लागली. ‘त्यांच्याकडं काय बघता? दाढ तुमची हाय!’

आईने सांगितलं ते सगळं बाईंनी ऐकून घेतलं आणि एक्स-रे तिरका काढला. दाढेच्या मुळांत नसेच्या बारीक नळ्या असतात; तिकडे तीन साफ करून भरल्या होत्या. बाई डोळ्यांवर भिंगं चढवून, दाढ पुन्हा उघडून दुपारभर शोधत राहिल्या. ‘सापडली! पहिलीच्या आडोशाला दडून बसलीय चौथी. मनाला म्हणे! मन काय दाढेत असतंय?’

अशा बाईला गावाने काय दिलं? ‘एका दाढेला सारी दुपार घालवतात,’ म्हणून नावं ठेवली. मंडळी चटकन उपटून देणाऱ्याकडे पळाली. बाईंनी दवाखाना बंद केला आणि लांबच्या शहरात नोकरी धरली. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

निरोपाला आईने पदरात फुटाणे बांधून नेले आणि बाईंसमोर त्याच दाढेने कडाकडा चावून दाखवले. ‘अवं मावशी, कॅप बसवली म्हणून काय दगडं फोडता का?’ बाई ओरडल्या, पण डोळे पुसत होत्या. आई म्हणाली, ‘तुमी चालल्या. आता माझं दुखणं खरं कोण मानंल?’

परवा आईला गुडघ्यासाठी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर माझ्याकडे वळून सुरू झाले, ‘वय झालं की...’ आईने टेबलावर हात आपटला.

‘त्याच्याकडं काय बघता? गुडघा माझा हाय!’