आरसा धरणारी गंगू

अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरात सहा वर्षं उजेड पाडला तो गंगूने, आणि त्या सहा वर्षांत तिने आतलं एकही शिल्प पाहिलं नव्हतं.

तिचा नवरा सुदाम मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात कामगार. पण रविवारी तो राजा असायचा. मुंबई बघायला आलेले पाहुणे वाट वाकडी करून अंबरनाथला आले, की सुदाम धुतलेला सदरा घालून त्यांना देऊळ दाखवायचा. देवळाचा मंडप भर दुपारीही काळोखा आणि दिवे लावायची परवानगी नाही. म्हणून या नवराबायकोने आपली रीत बसवली होती. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराकडून कोपरा उडालेला एक कपाटाचा आरसा आणला होता. तो घेऊन गंगू पश्चिमेच्या दारासमोर उन्हात उभी राहायची आणि ऊन आत फेकायची. आत सुदाम बांबूच्या चौकटीवर ताणलेल्या पांढऱ्या कापडाने ते झेलायचा आणि हलकेच खांबांवर, छताच्या नक्षीवर सोडायचा. मधेच ओरडायचा, "वर घे! जरा डावीकडं!" रंगमंचावर दिवे सांभाळणारा माणूस नटाचं वाक्य न् वाक्य पाठ करून बसतो, तसं गंगूला सुदामचं सगळं भाषण पाठ होतं. 'आता बघा ही नर्तकी, नऊशे वर्षं हसते आहे' हे शब्द आले की तिच्या हातातला आरसा आपोआप दोन बोटं कलायचा.

ती आत का जायची नाही? कुणी अडवलं नव्हतं. अडवलं असतं तर एखादे वेळी मुद्दाम गेली असती. तिचे वडील भगवान दगडखाणीत कामाला. त्यांच्या आईला गावाकडे एका देवळाच्या पायरीवरून लोकांनी हाकललं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन ते नागपूरहून परतले, तेव्हा सात वर्षांच्या गंगूला समोर बसवून म्हणाले, "पोरी, आता कुठल्याबी दगडापुढं हात जोडायचे न्हाईत." गंगूने शब्द दिला आणि पुढे स्वतःच तो कडक करून घेतला. हात जोडायचे नाहीत, म्हणजे उंबराही ओलांडायचा नाही. सुदामही बौद्धच. तो म्हणायचा, "अगं, मी देव बघायला जात नाय, कारागिरी बघायला जातो."

"तू जा. मला भाईरचं ऊन बरं."

१९८९च्या जानेवारीतल्या एका रविवारी मुंबईच्या प्रवासी कंपनीच्या सुनेत्राबाई सात परदेशी पाहुणे घेऊन आल्या. दर रविवारी पाहुण्यांना मुंबईजवळची एखादी जागा दाखवायची, असा कंपनीचा बेत होता. त्यात अंबरनाथ धरायचं की गाळायचं, ते आज ठरणार होतं. सुदामच्या कारखान्याला तीन महिने टाळं होतं. ही फेरी मिळाली तर तो इथे राहणार. नाही मिळाली तर सुरतेला मागावर कामाला जाणार, आणि वर्षातून एकदा दिसणार. गंगूला झोप लागत नव्हती ती याच कारणाने.

तीन वाजले तरी सुदामचा पत्ता नव्हता. सकाळी कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या सभेला गेला तो गेलाच. सव्वातीनला त्याच्या खात्यातला धोंडिबा धापा टाकत आला. "वहिनी, पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घातलं. सुदामला पण. दिवेलागणीच्या आत काय सोडत नाय."

"आन् तू कसा सुटलास?"

"मी चहाला गेलतो."

"बरं झालं, चहाने एक तरी वाचवला."

सुनेत्राबाई घड्याळाकडे बघत पुढे आल्या. "बाई, तुमचे यजमान कधी येणार?"

"येत न्हाईत. पण मी सांगते ना. तुम्ही पाहुण्यांना घेऊन आत जावा, मी हितून बोलते."

गंगूने आरसा उचलला, दारातून ऊन फेकलं आणि मोठ्याने सुरुवात केली. शब्द चोख होते. पण आत सुदाम नव्हता, पांढरं कापड नव्हतं, 'वर घे' म्हणणारं कुणी नव्हतं. उन्हाची तिरीप कुठे पडते ते तिला बाहेरून दिसत नव्हतं. 'आता बघा ही नर्तकी' असं ती म्हणाली, तशी आतून कुणीतरी हसलं.

सुनेत्राबाई दारात आल्या. "अहो, उजेड कोऱ्या भिंतीवर पडतोय. असं नाही चालायचं. आम्ही निघतो, गाडी वाट बघतेय."

ओढ्याकडच्या चिंचेची सावली लांबत आली होती. ती गंगूच्या पायांपर्यंत आली की ऊन संपणार, मग आरशाचा काही उपयोग नव्हता. फार तर वीस मिनिटं. गंगूने सावलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. उंबऱ्याशी टेकवून ठेवलेली बांबूची चौकट तिला दिसली. ती धरायला दोन हात लागतात. दोन्ही हात गुंतले, की जोडणार कसे?

"ताई, पाच मिनटं थांबा," ती म्हणाली. आरसा तिने धोंडिबाच्या हातात कोंबला. "मी सांगन तसा फिरव. आन् हात थरथरला तर बघ!"

"वहिनी, मी कधी..."

"तू कधीच काय केलेलं न्हाईस. आज कर."

चौकट उचलून तिने उंबरा ओलांडला. आत गारवा होता, आणि इतका काळोख की क्षणभर पाहुणेही दिसेनात. "सोड!" ती ओरडली. ऊन भसकन आत आलं, छताला लागलं, कुणाच्या तरी टोपीवर नाचलं. "खाली! अरे, कंदील हाय का तो हलवायला? खाली!" ऊन पांढऱ्या कापडावर टेकलं, आणि तिने चौकट तिरकी करताच खांब उजळला.

गंगूने नर्तकीकडे पाहिलं. नर्तकीला चेहराच नव्हता. नाक, डोळे, ओठ, सगळं झिजून गुळगुळीत झालेलं.

सहा वर्षं सुदाम लोकांना हसू दाखवत होता, आणि ती त्यावर ऊन पाडत होती. पाहुणे वाट बघत होते. सुनेत्राबाईंच्या हातात छापील कागद होता. त्या वाचून म्हणाल्या, "हीच ना ती? नऊशे वर्षं हसणारी? तुमच्या यजमानांनी आम्हाला पत्रात तसंच लिहिलं होतं. पाहुणे खास तिच्यासाठी आलेत."

ओठांवर आलेलं वाक्य गंगूने गिळलं. हो म्हटलं तर सगळं सोपं होतं. अंधुक उजेडात माणसाला सांगितलेलं दिसतं. पण कापडावरचं ऊन चांगलं लख्ख होतं.

"ही हसत न्हाई, ताई. हिला तोंडच न्हाई राह्यलेलं. माझ्या माणसाने वाढवून सांगितलं."

सुनेत्राबाईंचा चेहरा उतरला.

"पण पाय बघा हिचा," गंगू म्हणाली, आणि चौकट खाली घेतली. "सगळा भार डाव्या टाचेवर, उजव्या पायाची बोटं नुसती टेकलेली. माझा बाप दगडाचं काम करायचा, मला कळतं थोडं. नाजूक काम पाठीमागं असतं, जिथं कुणी बघत न्हाई. या, हिकडं या." तिने पाहुण्यांना खांबाच्या मागे नेलं. तिथे एक अर्धवट पान होतं, आणि त्याशेजारी छिन्नीचे बारीक, तिरके घाव. "ह्यो माणूस डावखुरा होता. घाव कुठल्या बाजूने उतरलेत बघा. पान अर्धं टाकून गेला. जेवायला गेला, का आजारी पडला, ते कुणाला ठावं."

सुनेत्राबाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांतली एक म्हातारी गुडघ्यांवर बसली आणि त्या घावांवरून, न टेकवता, बोट फिरवू लागली. "थोडं वर, धोंडिबा," गंगू म्हणाली. पण ऊन वर सरकायच्या आधीच विझलं. बाहेरून आवाज आला, "वहिनी, सावली आली!"

गाडीत बसण्यापूर्वी सुनेत्राबाईंनी तो छापील कागद चारदा दुमडून पर्समध्ये टाकला. "हसण्याचं वाक्य काढून टाकते. पुढच्या रविवारी दहा माणसं आणीन, दोनला. पण बोलणार कोण?"

"मी," गंगू म्हणाली.

दिवेलागणीला सुदाम परत आला, सदऱ्याची बाही फाटलेली. सगळं ऐकत त्याने फाटकी बाही दुमडून वर घेतली.

"तोंड नाय हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण लोक तोंड बघायला येतात, गंगू."

"आज पाय बघून गेले."

"आणि तुझ्या बापाचा शब्द?"

"हात मोकळे कुठं होते माझे?"

सुदाम हसला, मग हसू आवरून म्हणाला, "मग मी काय करायचं रविवारी?"

"तू आरसा धर," ती म्हणाली. "आन् मी बोलत असताना मधी ओरडू नको."