निजवलेला राखणदार

धाकट्या भावाला आईची किडनी बसवली, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, याला बाहेरचं काही खाऊ-पिऊ देऊ नका. आईने ते व्रतासारखं पाळलं. वरवंडच्या घरात वडापाव बंद झाला, लग्नातलं जेवण बंद झालं. मी दौंडहून माहेरी जाताना भेळ नेली, तर तिने ती मला ओट्यावरच बसून संपवायला लावली. भाऊ दारातून बघत म्हणाला, आईनं किडनी दिली, पण भेळ काही देत न्हाई.

शिरूरकडच्या कंपनीतली नोकरी सुटल्यावर तो घरीच असायचा. माणूस रिकामा बसला की कुजतो, असं आमच्या वडिलांचं, आप्पांचं, मत. म्हणून गाय व्याली तेव्हा कालवड त्याच्या गळ्यात पडली. पहिलारू गाय लाथा झाडायची, वासराला जवळ येऊ देत नव्हती. मग भाऊ बादलीतल्या दुधात हात बुडवायचा आणि कालवड त्याची बोटं चोखत प्यायला शिकायची. आमच्याकडे वासराला असंच शिकवतात. मी तेव्हा माहेरीच होते, मीही बोटं दिली. तिच्या खरखरीत जिभेने गुदगुल्या व्हायच्या, आणि आम्ही लहानपणीसारखे हसत सुटायचो.

काही दिवसांत कालवड हगायला लागली. वासरं हगतातच, त्यात काय एवढं. मग माझं पोट बिघडलं, ते ताकभातावर थांबलं. भावाचं थांबेना. पुण्याला नेलं तेव्हा त्याला धरून उभं करावं लागत होतं.

तपासणीत एक परजीवी निघाला, डोळ्यांना न दिसणारा. तिथल्या डॉक्टरबाई त्याच्या वाणांचा अभ्यास करत होत्या, म्हणून त्यांनी माझा आणि कालवडीचाही नमुना मागवला. तिघांत एकच वाण निघाला. आप्पांनी विचारलं, वाण एकच, तर पोरगी बरी कशी झाली? बाई म्हणाल्या, घरचं कोण आणि बाहेरचं कोण हे ओळखणारा एक राखणदार शरीरात असतो. आईची किडनी बाहेरची समजून त्याने हाकलू नये, म्हणून भावाचा राखणदार गोळ्यांनी निजवलेला होता.

आई एवढंच म्हणाली, "म्या त्याला बाहेरचं काही दिलं न्हाई."

गोठ्यातूनच आलं असावं, असं बाईंनी हळूच सांगितलं.

"म्हंजी घरचंच?"

बाईंनी मान डोलावली. मला त्यांचा भयंकर राग आला. खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

भाऊ त्यातून उठला नाही. दहाव्याला आलेले शहाणे विचारत होते, असं काय खाल्लं होतं त्याने. आई प्रत्येकाला सांगायची, घरचंच. मला ते ऐकवत नसे.

आप्पा कालवड विकायला निघाले होते, पण आईने दावं सोडू दिलं नाही. यंदा तीही व्याली. मी माहेरी गेले तर आई गोठ्यात बादलीशी बसलेली, हात दुधात, आणि नवं वासरू तिची बोटं चोखत होतं. हात धू, आधी हात धू, असं मी ओरडलेच.

आईने हात काढला नाही. वासराकडे बघतच म्हणाली, "मला काय व्हतंय? माझा राखणदार जागा हाय."