धुराड्याभोवतीची वीतभर जागा

पाचगणीच्या आमच्या घराचं लाकडी छत मी स्वतः केलंय. जन्मभर सुतारकाम केलं. दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्डही शिरू नये, हा माझा अभिमान. थंडीत बायकोचे गुडघे धरतात, म्हणून यंदा लाकडं जाळायची लोखंडी शेगडी आणली. तिचं धुराडं छतातून वर न्यायला पत्र्याचं काम करणारे सलीमभाई आले. मी धुराड्याच्या मापाचं गोल भोक आखून ठेवलं होतं.

ते पाहून त्यांनी मान हलवली. "मिस्त्री, चारी बाजूंनी वीतभर मोकळं सोडा. रोज धग लागली की लाकूड आतून वाळत जातं आणि एक दिवस पेट घेतं."

स्वतःच्या छताला एवढं भगदाड पाडताना जिवावर आलं. सलीमभाईंनी कडेने पत्रा बसवला, पण आतली जागा मोकळीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटवली. तासाभराने मी स्टुलावर चढून कडेची फळी चाचपली. गार होती. मुलीने लग्नानंतर जरा अंतर ठेवलं, तेव्हा मी किती रागावलो होतो, ते आठवलं. रोज फोन करून तिचा संसार मीच बसवायला निघालो होतो.

"काय झालं?" खालून बायकोने विचारलं.

"काही नाही. फळी गार आहे."

"मग उतरा आता, चहाही गार होतोय."