माटोळीखालची जागा

आमच्या घरात सगळ्यात लाडकी वस्तू कोणती, हे पाहुण्यांनी विचारू नये. विचारलंच तर वाढलेलं जेवण थंड होईपर्यंत भांडण चालतं. माझा नवरा बाहेरच्या वेताच्या कदेलीचं नाव घेतो, कारण त्या खुर्चीत बसून त्याने आयुष्यात एकही काम केलेलं नाही. पुतण्या वायफायच्या डब्यावर हात ठेवतो. माझी थोरली जाऊ, जिला मी वहिनी म्हणते, तिच्या काळ्याकुट्ट काइलीबद्दल, म्हणजे कढईबद्दल, बोलायला लागली की डोळ्यांत पाणी येतं; तिच्याही आणि ऐकणाऱ्यांच्याही. माझी मात्र आदोळी. बसायला लाकडी पाट, पुढे लोखंडी पातं, त्याच्यावर खोबरं खवायचं. पेडण्यातल्या पार्से गावाहून मी लग्न होऊन इकडे डिचोलीत नार्व्याला आले, तेव्हापासून रोज सकाळी त्या पाटावर माझं राज्य. मिक्सर आला, फ्रीज दोनदा बदलला, पण पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की मी आदोळीवर बसलेली असायची आणि तिथूनच घराला हुकूम सोडायची.

गेल्या पावसाळ्यात, चतुर्थीला थोडे दिवस उरले असताना, मी नेहमीसारखी बसले आणि आदोळी माझ्याखाली दबली. मोडली नाही, कडाडली नाही. शिळा पापड बसतो तशी आवाज न करता खाली बसली. मी जमिनीवर, हातात अर्धा नारळ.

वहिनी हसता हसता चुलीपाशीच बसली. म्हणाली, "वजन कमी कर गे बाय. तुझ्या बुडाखाली तिना जीव सोडल्यान."

मीही हसले. मग आदोळी उलटी केली. वरची साल जशीच्या तशी होती, बसून बसून गुळगुळीत झालेली. आत लाकूड नव्हतं. आत ओली, लाल, बारीक माती होती आणि ती हलत होती.

आता तुम्ही म्हणाल, वाळवी. कुठल्याही घरात लागते, औषध मारलं की जाते. पण आमच्या घरात तसं म्हणायची सोय नाही. आमच्या देवाच्या खोलीत, कोपऱ्यात, वारूळ आहे. आम्ही त्याला रोयण म्हणतो आणि रोयण म्हणजे सातेरी आई. घर बांधण्याआधीपासून ती तिथे आहे; भिंती तिच्याभोवती नंतर उभ्या राहिल्या. तिला कुंकू लागतं, तिची ओटी भरतात, दर शुक्रवारी तिच्यावर दूध आणि शहाळ्याचं पाणी घालतात. ती वाढली की घर वाढतं, असं आमच्याकडे मानतात. आणि त्या वर्षी आई जोरात वाढत होती. लग्नाच्या वेळी माझ्या कमरेला लागायची, आता खांद्याला आली होती. थोरले दीर, ज्यांना सगळा गाव आणि आम्हीही दादा म्हणतो, रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहून कौतुकाने बघायचे. नातवाची उंची बघावी तसे.

आदोळीनंतर एकेक गोष्ट उघड व्हायला लागली. सासऱ्यांच्या फोटोची चौकट भिंतीवरून उतरवली तर हातात फक्त काच आली. जेवायला बसायच्या पाटांपैकी एकाला पुतण्याची टाच लागली आणि टाच आरपार गेली. आल्मारीचं दार उघडलं तर बिजागरी एकीकडे, दार दुसरीकडे. प्रत्येक वेळी तेच: वरून रंग, पॉलिश, सगळं ठीक; आत ओली माती. मी घरभर बोटाच्या पेराने ठोकत फिरायला लागले, जनेलांच्या म्हणजे खिडक्यांच्या चौकटी, दारं, खांब. डॉक्टर छाती ठोकतो तशी. "टक" आलं की पुढे. "ठप" आलं की थांबायचं.

पुतण्याने गुपचूप फवारणीवाल्या माणसाला बोलावलं. तो पंप घेऊन देवाच्या खोलीच्या दारात आला, तर दादा रोयणीसमोर पाट टाकून बसलेले.

"आधी माका मार फवारो," दादा म्हणाले. "मग तिका."

त्या माणसाने चहा घेतला आणि तो गेला.

मग एका दुपारी, सगळं घर जेवून आडवं झालं होतं, तेव्हा मी मधल्या खोलीत पडले होते. आमच्याकडे दुपारी एवढी शांतता असते की म्हादई नदीवरून जाणाऱ्या होडीचं इंजिन ऐकू येतं. त्या शांततेत मला वरून आवाज आला. कोणीतरी पोहे चावतंय असा. हळू, न थांबता, अगदी निवांत. मी उठले, शिडी लावली आणि मधल्या वाशावर पेर आपटलं.

ठप.

या वाशाचं महत्त्व सांगते, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखा घाम फुटेल. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट, आडव्या-उभ्या पट्ट्यांची, छताला टांगलेली, आणि तिला रानातलं आणि बागेतलं जे जे म्हणून त्या दिवसांत मिळतं ते सगळं लटकवायचं: नारळाची अख्खी पेंड म्हणजे घोस, सुपारीचे घड, तोरंजनं, चिबूड, आंबाडे, लालभडक कवंडळं. आमच्या घराची माटोळी मोठी. प्रत्येक सुनेने माहेरचं काहीतरी आणून बांधायचं, आणि मी माझ्या पार्श्याची इज्जत राखायला दरवर्षी सगळ्यात जड पेंड आणायची. एवढं सगळं वजन लोखंडी आकड्यांवर त्या एका वाशाला लटकतं. त्याच्या खाली गणपती. आणि गणपतीसमोर आरतीला आम्ही सगळे, भावंडं, जावा, मुलं, शेजारी, खांद्याला खांदा लावून.

मी दादांकडे गेले. ते अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते.

"दादा, मधलो वासो पोकळ आसा."

"तुका कोणी सांगल्यान?"

"वाश्यानच सांगल्यान."

त्यांनी सुपारी उन्हात फिरवली. "त्याच वाश्याक माझ्या आज्यान माटोळी बांधली."

"तेव्हा तो भरलेलो होतो."

दादांनी पुढची सुपारी उचलली.

"यंदा माटोळी दुसऱ्या खोलीत बांधूया," मी म्हटलं. "नाय तर आईक जरा…"

"आईक जरा काय?"

"जरा सरकूक सांगूया."

"तू सांग," दादा म्हणाले. "तुझो आवाज मोठो आसा."

विषय संपला. देवाची जागा हलत नाही, माटोळीचा वासा बदलत नाही, आईला कोणी हात लावत नाही. तिन्ही गोष्टी दादांच्या तोंडून एका श्वासात येतात.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी चढली. मी त्या वर्षी पार्श्याहून पेंड आणली नाही. दोन कोवळी तोरंजनं बांधली. जावांनी टोमणे मारून मला सोलून काढलं. पेडण्यात नारळ संपले की काय, असं विचारलं. मी हसून घेतलं आणि मान वर करून आकड्यांकडे बघत राहिले. बाकीच्यांच्या पेंडी तिथे होत्याच. पुतण्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हात जोडले. फोटोत वासा अगदी देखणा दिसत होता. नवीन रंग दिलेला.

गणपती बसला. आरतीची वेळ झाली, घुमटं आणि शामेळ ही वाद्यं घेऊन शेजारचे आले, झांजा वाटल्या गेल्या. तेवढ्यात दादा उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"यंदा आरतेक सगळी भायर, चौकात," ते म्हणाले. "आत मी एकटो."

"कित्याक?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"गर्दी होता. देवाक वारो लागाक होयो."

"देवाक कधी उकडाक लागला?"

"काकांनी व्हीआयपी पास काढलो," पुतण्या म्हणाला. हशा झाला. नवरा पुटपुटला की दादाला आता देवही वाटून नको झाला आहे. पण थोरल्याचं ऐकायची सवय हाडात असते. सगळे चौकात सरकले. मी उंबऱ्याजवळ होते. दादा आत जायला वळले, थांबले, आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"धर. फुटाक नको."

चष्म्याशिवाय दादांना हातभरापलीकडचं काही दिसत नाही. वर्षातून एकदा घरी येणारा गणपती, आणि त्याच्या आरतीला ते चष्मा काढून निघाले. मी त्या चष्म्याकडे बघितलं. मग वर बघितलं. अंगणातलं आमचं बोलणं त्यांनी अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. आईला हात लावायचा नव्हता, वासा बदलायचा नव्हता, घरच्यांना काही होऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी हिशेब करून उरलेली एकच जागा घेतली होती, बरोबर पेंडींच्या खाली.

घुमटावर थाप पडली. घुमट हे वाद्य कानाने नाही, पोटाने ऐकायचं असतं. जमीन हलते, जनेलाच्या काचा थरथरतात. माटोळी हलायला लागली. सुपारीचे घड एकमेकांवर घासत होते. कवंडळं डुलत होती. आणि वरून, दिव्याच्या उजेडात, बारीक तांबडी भुकटी खाली यायला लागली, एवढी बारीक की चौकातल्या कुणाला वाटलं असेल धुपाचा धूर.

मी वहिनीकडे गेले. ती मागच्या दारात मोदकांची पातेली सांभाळत होती. तिच्या कानात सगळं सांगितलं आणि चष्मा तिच्या हातात ठेवला.

वहिनीने पातेल्यांवर झाकण घातलं. चष्मा कमरेला खोचला, तांदळाच्या पिठाचे हात तसेच, चौकातल्या माणसांमधून वाट काढत आत गेली आणि दादांच्या शेजारी उभी राहिली. हात जोडले.

"भायर जा," दादा म्हणाले.

"तुमी चला. मी येतंय."

"सांगतंय ते ऐक."

"आरत चालू आसा. बोलू नका."

तिच्या भांगात, कुंकवावर, भुकटी पडत होती. दादांनी मान वळवली. वहिनी हातभराच्या आत उभी होती. तेवढं त्यांना दिसत होतं.

त्यांनी हात वर केला. घुमट थांबलं, झांजा थांबल्या. आमच्या घरात आरती मध्येच कधी थांबलेली नव्हती. पोरंसुद्धा गप्प झाली. त्या शांततेत सगळ्यांनी तो आवाज ऐकला. पोहे चावल्यासारखा.

"माडीचो खांब आणा," दादा म्हणाले.

परसात मांडवासाठी तोडलेला माडीचा, म्हणजे सुपारीच्या झाडाचा, सोट पडला होता. माणसांनी तो आत आणला, गणपतीच्या बाजूला उभा केला, वाशाखाली ठोकून घट्ट बसवला. देवासमोर टेकू. मग आरती जिथे थांबली होती तिथून पुढे झाली, सगळ्यांनी चौकातूनच म्हटली, जरा घाईत.

विसर्जन करून नदीवरून आलो आणि माटोळी उतरवली. पुतण्या शिडीवर चढला. त्याने आकडा फक्त धरला, ओढला नाही, आणि आकडा त्याच्या हातात आला. मागून मूठभर माती आली. कोणी हसलं नाही. दादांनी आकडा घेतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि खिळ्याला अडकवून ठेवला.

पुढच्या आठवड्यात ते देवळात कौल घ्यायला गेले. भटाने देवीला कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर रोयण हलवायला होकार, डावी पडली तर नकार. दादा दुपारपर्यंत बसून होते. एकही कळी पडली नाही. पुन्हा गेले, पुन्हा तेच.

"विचार करता ती," दादा घरी येऊन म्हणाले.

"तिच्या तोंडात आपलो वासो आसा," वहिनी म्हणाली. "बोलतली कशी."

मग वर्ष गेलं. टेकू तिथेच राहिला, आणि आमच्या घराची सवय अशी की उभी राहिलेली कुठलीही गोष्ट लगेच वापरात येते. पोरं त्याला दप्तरं अडकवायला लागली. नवऱ्याने टॉर्च टांगली. वहिनी जाता-येता त्याला पाठ टेकून गुडघ्यांना विश्रांती द्यायची. आता लाडकी वस्तू कोणती असं पाहुण्यांनी विचारलं तर त्या सोटाचंही नाव निघालं असतं. नवी आदोळी आणली, पण ती लोखंडी पाटाची आहे. तिच्यावर बसून हुकूम देताना माझा आवाज चढत नाही.

गेल्या महिन्यात मी झाडू मारत होते, तर सोटाच्या बुंध्याशी लाल मातीची एक रेघ दिसली. करंगळीएवढी रुंद, जमिनीतून निघून वर चढणारी. मी ती अंगठ्याने पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. मग पाहते तर रेघेच्या थोडं वर कुणीतरी कुंकवाचा ठिपका लावला होता. घरात कुणाला विचारायची गरज नव्हती. रोयणीचं कुंकू थोडं किरमिजी असतं, आणि ते दादाच लावतात. दादा आईशी बोलायला गेले होते. इथपर्यंत ये, याच्यापुढे नको.

आज सकाळी ठिपका दिसला नाही. माती त्याच्यावरून वर गेली होती.

आज माटोळी चढवली. जावांनी पेंडी आणल्या आहेत. शेजाऱ्यांची घुमटं उद्या येतील. संध्याकाळी मी मधल्या खोलीतून जात होते, तर दादा वाशाकडे तोंड करून उभे होते. माझी चाहूल लागली तसा त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"उद्याक तुझ्याकडे ठेव."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि वहिनीला हाक मारली. माझा आवाज मोठा आहे.